डबल बेल न मिळालेले मंगळवार

"वाचली का गं फाईल?" कुंदाआत्याने दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं.

"वाचली."

"मग वाच की."

"वाचली आत्या, पण वाचता येत नाही."

अनुस्वार खाल्लेल्या माणसाकडे आत्या जशी बघते, तशी माझ्याकडे बघत ती आत आली. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची जत्रा भरली होती. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायाशी शेपूट, मधेच डॉलरचं चिन्ह, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं. मराठीचं एक अक्षर औषधाला नव्हतं.

"हे मी टाइप केलेलं नाही," आत्या म्हणाली.

"तूच केलंयस. बावीस वर्षं."

ही गोष्ट अडीच वर्षांपूर्वीची, माझ्या नववीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीतली. आता मी बारावीत आहे आणि एकदा बोलायला लागले की आई म्हणते, हिचं बंद करायचं बटण कुठंय ते कुणीतरी शोधा. पण तेव्हा मी हजेरीला 'हजर' म्हणायच्या आधी दोनदा घसा साफ करायचे, आणि तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. कागदोपत्री मी अर्धं वर्ष गैरहजर होते.

कुंदाआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. करमाळ्यात तहसील कचेरीसमोर तिचं 'कुंदा टायपिंग अँड डीटीपी'. लग्नपत्रिका, दशक्रियेचे कागद, प्रतिज्ञापत्रं, निवडणुकीची पत्रकं, गावाचं सगळं बरंवाईट तिच्या दहा बोटांतून जायचं. आणि ते सगळं, म्हणजे अगदी सगळं, एकाच फाईलमध्ये जायचं.

त्याला कारण होतं. कॉम्प्युटर नवा असताना तिने एकदा 'न्यू' दाबलं, यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं, ही 'नो' म्हणाली, आणि कुणाच्यातरी जमिनीच्या दाव्याची चाळीस पानं गेली. त्या दिवसापासून तिने 'न्यू'ला हात लावला नाही. रोज तीच फाईल उघडायची, तळाशी जायचं, तारीख आणि वार टाकायचा आणि सुरू. पुढं पुढं फाईल इतकी फुगली की ती उघडायला टाकून आत्या दुकान झाडायची, देवाला उदबत्ती लावायची, चहा प्यायची. चहा संपेस्तोवर फाईल उघडायची.

मार्चमध्ये तो कॉम्प्युटर जळाला. स्टँडजवळच्या इरफानकाकांनी त्याच्या पोटातून फाईल तेवढी सुखरूप काढून पेनड्राइव्हवर दिली. पण जुन्या फॉन्टाला एक कुलूप असायचं, कॉम्प्युटरच्या पाठीला खोचलेलं, बोटाएवढं. ते त्याच्याबरोबरच गेलं. आणि जुन्या फॉन्टातलं मराठी अक्षर म्हणजे मराठी वेश घातलेलं इंग्रजी अक्षर. वेश उतरला की आतलं बाहेर.

"तुझं ते पान आहे ना?" आत्या म्हणाली. "बक्षीस मिळालेलं?"

माझं पान म्हणजे 'जुनं-नवं'. विज्ञान प्रदर्शनासाठी मी ते बनवलं होतं. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडायचं, डाव्या चौकटीत जुन्या फॉन्टातला मजकूर टाकायचा, उजव्या चौकटीत सरळ मराठी यायचं. कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर होतं याचे दोनशे अकरा नियम मी स्वतः शोधून लिहिले होते. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. आमच्या शाळेत भाग घेणाऱ्या सगळ्यांनाच उत्तेजनार्थ देतात, हे मी घरी सांगितलं नव्हतं.

"इंटरनेटवर असं करून देणारे आहेत," मी म्हटलं. "त्यांच्याकडं पाठवूया."

"लोकांची प्रतिज्ञापत्रं आहेत त्यात. कुणाचं सोडचिठ्ठीचं आहे, कुणाचं वाटणीचं. टायपिस्टने डोळ्यांनी वाचायचं असतं, मनाने नाही. आणि बाहेर तर मुळीच पाठवायचं नाही. तुझं पान बाहेर पाठवतं का?"

"नाही. सगळं इथल्या इथं होतं. याच लॅपटॉपमध्ये."

"मग कर. रविवारपर्यंत पाहिजे. शैलाला मी शब्द दिलाय."

शैलाताई म्हणजे सुरवसे मास्तरांची मुलगी, बार्शीला असते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. निवृत्ती सुरवसे, पस्तीस वर्षं करमाळा-परांडा गाडीवर. रिटायर झाल्यावर दोन वर्षं दर मंगळवारी दुपारी ते आत्याच्या दुकानात यायचे आणि आपल्या आठवणी सांगायचे, आत्या टाइप करायची. कागदावर काही नव्हतंच. त्यांनी तोंडाने सांगितलं, हिने फाईलमध्ये घातलं. मग मास्तर पडले, मांडीचं हाड मोडलं, शैलाताई त्यांना बार्शीला घेऊन गेली. ते राहिलंच. आणि आता त्यांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली होती. शैलाताईचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "कुंदाताई, रविवारी त्यांना पंचाहत्तरावं लागतंय. मला ते रोज विचारतात, तू कुणाची गं? त्यांचंच बोलणं त्यांना वाचून दाखवलं तर... ओळख पटण्यासारखी आहे तोवर."

आत्या म्हणाली होती, "रविवारी त्यांना घेऊन दुकानात ये. तयार असेल." तोवर फाईल कुणी उघडूनही बघितली नव्हती.

तर सोमवारी मी फाईल उचलून पानावर सोडली. एकशे बारा एमबी. पान पांढरंफटक पडलं. मग मधोमध इंग्रजीत पाटी आली, त्याचा अर्थ एवढाच, की हे पान काही बोलत नाहीये, वाट बघता की मारून टाकू.

"काय म्हणतंय?"

"वाट बघा म्हणतंय."

आत्याने चहा टाकला. चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून झाले. पान मेलेलंच.

"माझी फाईल चहात उघडायची," आत्या म्हणाली. तिला बहुतेक टोमणा मारायचा नव्हता, पण बसला.

चूक माझी होती. पान तपासताना मी आत्तापर्यंत लग्नपत्रिकेपेक्षा मोठं काही त्यात टाकलंच नव्हतं. एकशे बारा एमबीचा सिनेमा म्हणजे ट्रेलरसुद्धा नाही, पण एकशे बारा एमबी नुसती अक्षरं म्हणजे अकरा कोटींच्या वर अक्षरं. आणि मी ती सगळी एका दमात वाचून, डाव्या चौकटीत ओतून, वर दाखवायलाही सांगत होते. मंगळवारचा दिवस त्याच्याशी झटापट करण्यात गेला. तीनदा पान मेलं, एकदा लॅपटॉपच बंद पडला. संध्याकाळी मी आत्याला म्हटलं, "हे माझ्याच्याने होणार नाही. तू शैलाताईला फोन कर."

आत्या एका अर्जाला टाचणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आवाटीच्या यात्रेला फाट्यावर हजार माणसं उभी असायची. मास्तर काय करायचे माहितीय? पहिल्या गाडीत साठ घ्यायचे. उरलेल्यांना सांगायचे, थांबा, हीच गाडी परत येतीय. सगळे एकदम चढले तर गाडी हलणार नाही, आणि मग कुणीच पोचणार नाही."

"हे तुला कसं माहीत?"

"मी टाइप केलंय ना."

"तू तर मनाने वाचत नाहीस."

आत्याने टाचणी परत काढली आणि परत लावली. "तू तुझं काम कर," म्हणाली.

मी केलं. बुधवारी सकाळी पान नव्याने लिहायला घेतलं. फाईल अख्खी उचलायचीच नाही. तिला जागेवर राहू द्यायचं, तिच्यातून पाच हजार अक्षरं मागायची, त्यांचं मराठी करायचं, ते दुसऱ्या फाईलमध्ये नेऊन ठेवायचं, मग पुढची पाच हजार. चौकटीत फक्त पहिल्या वीस ओळी दाखवायच्या. अकरा कोटी अक्षरं कोण वर-खाली करत बसणार होतं? आणि काम पानाच्या मागच्या खोलीत करायचं. म्हणजे असं, की दुकानात काउंटरवरचंच माणूस टायपिंगला बसलं तर गिऱ्हाईक ताटकळतं. काउंटरवर एक, मागे एक असं हवं. ब्राउझरमध्ये तशी सोय असते, मला माहीतच नव्हती. दुपारी तीन वाजता मी परत फाईल सोडली. पान मेलं नाही. खाली एक पट्टी हिरवी होत सरकायला लागली. दोन टक्के. तीन टक्के. मी खुर्चीवर बसून नाचले, आणि हे ज्यांना जमतं त्यांनाच कळेल.

"पोचली गाडी?" आत्याने विचारलं.

"निघाली."

पाऊण तासात बावीस वर्षांचं करमाळा सरळ मराठीत आलं. मी शोधायच्या चौकटीत 'सुरवसे' टाकलं, आणि मास्तर सापडले. आत्या चष्मा पुसून माझ्या खांद्यावरून वाकली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"'मंगळवार. माझं नाव निवृत्ती. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, महामंडळाला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. डबल बेल.'"

"डबल बेल?"

"एक प्रसंग सांगून झाला की म्हणायचे. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी म्हटलं, मास्तर, हे पण टाइप करू? म्हणाले, त्याशिवाय गाडी पुढं कशी जाईल, बाई?" आत्या हसत होती. मग हसायची थांबली. "हे काय आहे?"

तिचं बोट पडद्यावर टेकलं होतं. ठिपक्यांचा एक गोल, त्यावर अधांतरी बसलेली वेलांटी, आणि तिच्यापुढे 'तकीट'.

"तिकीट आहे ते," मी म्हटलं. "थोडं तुटलंय."

"आणि हे? 'गाडीत गदी होती.'"

"गर्दी."

"रफार कुठंय?"

रफार पुढच्या ओळीच्या डोक्यावर एकटाच बसला होता. आत्या पुढं पुढं सरकत गेली. दर तीन-चार पानांत एक शब्द असाच. मला कारण लगेच कळलं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि रफार अक्षराच्या नंतर. वेलांटी पुढच्याची वाट बघत उभी असते, रफार मागच्याला शोधत येतो. मी दर पाच हजार अक्षरांवर डोळे मिटून सुरी चालवली होती. वेलांटी या गाडीत बसली, तिचा 'त' फाट्यावरच राहिला.

"पण आत्या, एवढं चालतं. वाचणाऱ्याला कळतं. बाकी सगळं तर बरोबर आहे."

"मास्तरांनी पस्तीस वर्षं तकीट फाडलं का?"

"नाही, पण—"

"त्यांना आता आपली मुलगी ओळखू येत नाही. त्यांच्यापुढं तू 'तकीट' वाचणार?"

आत्याला वाटलं असावं की जास्त बोलली. ती उठली आणि कोपऱ्यातल्या जुन्या टाइपरायटरवरची खोळ काढली. त्यावर ती शिकली होती. आता तो फक्त दसऱ्याला झेंडू वाहण्यापुरता होता. तिने कागद अडकवला आणि कागदाकडे न बघता टाइप करायला लागली. खट खट खट, आणि ओळ संपत आल्यावर आतून बारीक आवाज आला. टिंग.

"काय सांगते ही घंटी?"

"ओळ संपली."

"संपली नाही. संपत आली. घंटी झाली म्हणून कुणी अक्षरावर हात थांबवत नाही. हातातला शब्द पुरा करायचा. मावत नसेल तर अख्खा खालच्या ओळीत न्यायचा. कसंही झालं तरी शब्द मोडायचा नाही." तिने कागद ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. "आणि शैलाला दिलाय, तोही नाही."

त्या कागदावर एकच वाक्य होतं, चार ओळींत. हर्षिता हुशार आहे पण घाई करते हर्षिता हुशार आहे पण घाई करते. एकही शब्द मोडलेला नव्हता.

मग मला ते इतकं सोपं वाटलं की माझा मलाच राग आला. पाच हजार अक्षरं झाली की घंटी. तिथं कापायचं नाही. घंटीपासून मागं मागं येत पहिली मोकळी जागा शोधायची, तिथं कापायचं. जो शब्द अर्धवट राहिला तो अख्खा बाजूला धरून ठेवायचा आणि पुढच्या फेरीत सगळ्यांत आधी त्याला बसवायचं. गुरुवारी ते लिहिलं. तपासायला माझंच नाव घेतलं, कारण हर्षितामध्ये वेलांटीही आहे आणि रफारही. नावाच्या सुरुवातीला घंटी वाजवून बघितली, मधे वाजवून बघितली, वेलांटी आणि 'ष'च्या मधोमध वाजवून बघितली. सगळीकडून हर्षिता अख्खी बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं नाव मोठ्याने म्हणावंसं वाटलं. दुकानात कुणी नव्हतं. मी म्हटलं.

राहिलं होतं मास्तरांचं तेवढं वेगळं काढायचं. सगळं एकाच फाईलमध्ये, त्यामुळे मास्तरांच्या एका मंगळवारानंतर बुधवारची मुंज, गुरुवारची वारसनोंद, शुक्रवारी हरवलेली म्हैस. शुक्रवारी मी पानाला नवा नियम दिला. मास्तर आल्यापासून पुढं जिथं ओळीच्या सुरुवातीला 'मंगळवार' आणि त्यानंतर मास्तरांचं नाव किंवा नुसतं 'मास्तर' दिसेल तिथून उचलायचं, त्या दिवसाच्या शेवटच्या 'डबल बेल'पर्यंत घ्यायचं. बेल सापडली नाही तर तसं सांगायचं.

आत्या बाहेर एका आजोबांना अंगठा कुठं लावायचा ते दाखवत होती. पानाने एकशे सत्त्याऐंशी पानं गोळा केली. मी वाचत सुटले. आवाटीच्या फाट्यावरची एक म्हातारी होती, रोज हात करायची. गाडी थांबली की म्हणायची, "मला कुठं जायचं नाही बाबा, थांबतीय का तेवढं बघत होते." आणि मास्तर सांगत होते, 'ड्रायव्हर चिडायचा. मी कधी चिडलो नाही. आपल्यासाठी थांबतंय का हे माणसाला बघावंसं वाटतं. दोन मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. डबल बेल.'

शेवटचा मंगळवार मात्र वेगळा होता. 'परांड्याहून सुटलेली शेवटची गाडी. आत एकच बाई. मी तिकीट विचारलं तर ती म्हणाली... बाकीचं पुढच्या मंगळवारी, बाई. सिंगल बेल.'

आणि त्याखाली, माझ्याच पानाने लाल अक्षरांत दिलेली सूचना: डबल बेल न मिळालेले मंगळवार, ३८.

मला वाटलं, परत कुठंतरी कापायला चुकलंय. एक तर हाच, सिंगल बेलचा. बाकीचे सदतीस? मी पहिला उघडला.

'मंगळवार. मास्तर आले नाहीत.'

दुसरा. 'मंगळवार. मास्तर आले नाहीत. परांडा गाडी वेळेवर आली होती.'

पाचवा. 'मंगळवार. मास्तर आले नाहीत. बार्शीला नेलं म्हणे.'

अकरावा. 'मंगळवार. मास्तर आले नाहीत. तीन ते चार कुणाचं काम घेतलं नाही.'

एकोणिसावा. 'मंगळवार. मास्तर आले नाहीत. आवाटीची म्हातारी झाली आहे माझी.'

त्यानंतरचे नुसतेच 'मंगळवार. मास्तर.' सदतिसाव्यानंतर तेही नाही.

बावीस वर्षं, अकरा कोटी अक्षरं, आणि त्यातली एवढीच काय ती आत्याला कुणी सांगून टाइप केलेली नव्हती. मी ती डोळ्यांनी वाचायला हवी होती. नाही जमलं.

"किती झाली पानं?" आत्या आत येत म्हणाली.

"एकशे सत्त्याऐंशी."

"सगळं नीट?"

"नीट." मग मी म्हटलं, "काही मंगळवारांना डबल बेल मिळाली नाही."

आत्याने टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली, उघडली, बंद केली.

"ते सोडून दे," ती म्हणाली.

"पुसू?"

"पुसायचं कशाला? टाइप केलेलं मी पुसत नाही. राहू दे फाईलमध्ये, एवढ्या पसाऱ्यात कुणाला अडचण होतीय." मग म्हणाली, "तू वाचलंस का?"

"बार्शी काही लांब नाही, आत्या."

"मला माहितीय किती लांब आहे. एकसष्ट किलोमीटर. मधे चौदा थांबे." तिने डबी जागेवर ठेवली. "जा, छापायला घे."

रविवारी अकराला शैलाताई मास्तरांना घेऊन आली. मी मनात एक धिप्पाड, खाकी माणूस धरून ठेवला होता. गाडीतून उतरले ते एक बारके, स्वच्छ आजोबा, काठी हातात, टोपी नवी. त्यांनी दुकानाकडे बघितलं, तहसीलच्या पिंपळाकडे बघितलं, आणि शैलाताईला विचारलं, "कुणाचं काम आहे इथं?"

"आपलंच आहे, अण्णा."

आत्याने खुर्ची पुढं केली. "या, मास्तर."

"नमस्कार," ते म्हणाले. बँकेतल्या बाईंना करतात तसा. आत्यानेही तसाच परत केला.

वाचायचं शैलाताईने ठरवलं होतं. तिने पहिलं पान घेतलं, 'माझं नाव निवृत्ती' एवढंच वाचलं. तिने पानं आत्याकडे सरकवली. आत्याने माझ्याकडे. मी दोनदा घसा साफ केला. या वेळी कुणीच पुढच्या नावावर गेलं नाही. सगळे थांबले होते. मग मी वाचलं.

निवृत्तीच्या विनोदावर शैलाताई रडता रडता हसली. मास्तर हसले नाहीत, पण ऐकत होते, दुसऱ्या कुणाचीतरी गंमत ऐकावी तसे. मी तिकिटांचं वाचलं, यात्रेच्या गर्दीचं वाचलं, एकही वेलांटी हलली नाही. आवाटीच्या म्हातारीपाशी आले तेव्हा आत्या उठून पाणी आणायला आत गेली. मी वाचलं, "'दोन मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. डबल बेल.'"

टिंग. टिंग.

मी वर बघितलं. मास्तरांनी काठी खुर्चीला टेकवली होती आणि अंगठीचं बोट पाण्याच्या रिकाम्या पितळी तांब्यावर ठेवलं होतं.

"असं," ते मला म्हणाले. "नुसतं म्हणून गाडी जात नाही, बाळ. द्यावी लागते."

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी त्यांनी बेल दिली. मधेच शैलाताईकडे बघून म्हणाले, "शैले, ही पोरगी बरी वाचते." शैलाताई नुसता त्यांचा हात धरून बसली. साडेबारापर्यंत निवडक पानं वाचता वाचता शेवटचं पान आलं. मी आत्याकडे बघितलं. आत्याने हात पुढं केला आणि पान माझ्याकडून घेतलं.

"'परांड्याहून सुटलेली शेवटची गाडी,'" आत्या वाचायला लागली. तिचा आवाज मी रोज ऐकते, पण हा वेगळा होता, सरळ, एका लयीत, प्रत्येक शब्द पुरा. "'आत एकच बाई. मी तिकीट विचारलं तर ती म्हणाली...'"

ती थांबली. पुढचं वाचलं नाही.

मास्तर तिच्याकडे बघत होते. मग खुर्चीचे हात धरून ते उठले. शैलाताई सावरायला पुढं झाली, पण ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून खिडकीचा आडवा गज धरला, गाडीतला दांडा धरावा तसा. तिथला रंग तेवढाच गेलेला होता. मी लहानपणापासून तो बघत आले होते, का गेलाय हे कधी विचारलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "कुठवर आलतो आपण?"

आत्याने पान खाली ठेवलं. "तिकीट विचारलंत, मास्तर. ती काय म्हणाली ते राहिलंय."

"लई दिवस राहिलं."

"हो. थोडे दिवस झाले."

"मग घ्या लिहून."

आत्याने लॅपटॉप माझ्यापुढं ढकलला. "हर्षे, नवीन फाईल कर."

"न्यू दाबू?"

"दाब."

मी दाबलं. काही गेलं नाही. समोर कोरं पान आलं, त्यावर एकही अक्षर नाही, कुणाची मुंज नाही, कुणाची म्हैस नाही. मी सवयीप्रमाणे वर वार टाकला. रविवार.

आत्याने चष्म्यावरून बघितलं. "मंगळवार लिही."

"आज रविवार आहे, आत्या."

"लिही म्हणते ना."

मी रविवार पुसला आणि मंगळवार लिहिलं.